हरकतीखालची सही

ओंगार, डब्लिन
२२ जुलै २०१८

तीर्थरूप अप्पांना,
पद्मजाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आणि आई नागपूरला सुखरूप पोचलात हे आईने व्हिडिओवर सांगितलंच. पण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही आपल्या मनाने भरता, म्हणून ठरल्याप्रमाणे हे पत्र. तुम्ही गेल्यापासून घर उगाच मोठं झालंय. रेवा तुमच्या खुर्चीत कोणाला बसू देत नाही. शिरीषचं तेच, सोमवारी कॉर्कची गाडी, शुक्रवारी परत.

इथे अजून पाऊस नाही. आयर्लंडमधून हे वाक्य लिहायला मिळेल असं वाटलं नव्हतं. बागांना पाइपने पाणी घालायला बंदी आली आहे, त्यामुळे शेजारच्या नोराचा भाऊ फिंटन घरोघरून भांडी विसळलेलं पाणी मागून आणतो आणि कॉलनीच्या फुलांच्या वाफ्यांना घालतो. पाठीमुळे एका वेळी अर्धीच बादली उचलतो. आईने त्याला तांदूळ धुतलेलं पाणी दिलं होतं, त्याचं त्याला फार अप्रूप. आता मी रोज ठेवते.

हरकतीचा अर्ज तुम्ही निघायच्या आधी, अकरा तारखेलाच कौन्सिलला दिला. पोच आली. कॉलनीच्या कमिटीतल्या मॉरीनने वाचला आणि म्हणाली की इतकं मुद्देसूद पत्र या कॉलनीतून कधीच गेलं नव्हतं. सहा वर्षांत तिने मला पहिल्यांदा घरी चहाला बोलावलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

तरी एक गोष्ट टोचते आहे. नोराने वकिलाच्या त्या रिकाम्या गाळ्यात हेंपच्या, म्हणजे गांजाच्याच कुळीतल्या झाडाच्या, तेलाचं दुकान काढायचा अर्ज केला, त्यावर आपण शाळा जवळ आहे, मुलांची वाट तिथूनच आहे, असे मुद्दे घातले, ते ठीक. तिसरं कलम मी काढणार होते. फिंटनने पूर्वी घरामागच्या शेडमध्ये हेच झाड लावलं होतं आणि त्याच्यावर खटला झाला होता, हे नोराने मला मार्चमधल्या मोठ्या बर्फात सांगितलं होतं. आमची हीटिंग बंद पडली म्हणून रेवा आणि मी दोन दिवस तिच्याकडे होतो तेव्हा. मी तुमच्याकडे सहज बोलले आणि तुम्ही ते मसुद्यात घेतलंत. वाचताना पेन हातात होतं, पण खोडलं नाही. आज कळलं की इथे हरकती नावपत्त्यासकट कौन्सिलच्या वेबसाइटवर लावतात. कोणालाही वाचता येतात.

सुट्टीत रेवा दिवसभर नोराकडेच असते. मी सँडीफोर्डच्या ऑफिसातून सहाला येऊन तिला घेते. नोरा नेहमीसारखीच आहे, म्हणजे तिने पाहिलेलं नसावं.

आईच्या गुडघ्याचं कळवा. तुमचे आशीर्वाद पाठीशी असू द्या.

तुमची,
पद्मजा


नागपूर
४ ऑगस्ट २०१८

चि. सौ. पद्मजा हिस,
शशिकांतचे अनेक आशीर्वाद.

पत्र काल मिळाले. आईचा गुडघा बरा आहे, पण जिना उतरताना ती माझे नाव घेते, देवाचे घेत नाही. इकडे पाऊस भरपूर. तुझ्याकडे थोडा पाठवता आला असता तर पाठवला असता.

तू उगाच मनाला लावून घेतेस. एकतीस वर्षे मी उत्पादन शुल्क खात्यात काढली. तेल म्हणा, पीठ म्हणा, झाड एकाच कुळीचे. नशा चढत नाही असे ते म्हणतात, म्हणोत बापडे. आज तेल, उद्या काय, हा प्रश्न विचारण्याचा तुला हक्क आहे, कारण तुझी मुलगी त्या रस्त्याने शाळेत जाते.

तिसरे कलम हाच अर्जाचा कणा आहे. बाकीचे मुद्दे कोणीही लिहील. आमच्याकडे ज्या अहवालात नाव नसे तो कपाटात जाई आणि ज्यात नाव असे त्यावर कारवाई होई. शिवाय आपण खोटे काही लिहिलेले नाही. नोराबाई चांगल्या आहेत, माझ्याबद्दल विचारतील तर नमस्कार सांग. माणूस वेगळा आणि दुकान वेगळे, हे मनात पक्के ठेव.

रेवास गोड पापा. शिरीषरावांना आशीर्वाद. निकाल लागला की लगेच कळव, वाट पाहतो.

तुझा,
अप्पा


ओंगार
२६ ऑगस्ट २०१८

तीर्थरूप अप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. नोराला परवानगी नाकारली.

तुम्हाला आनंद होईल म्हणून आधी हे लिहिलं. आता बाकीचं लिहिते. कौन्सिलचा आदेश मी वेबसाइटवर शेवटपर्यंत वाचला. कारणं दोन आहेत. तो गाळा भागाच्या आराखड्यात दवाखाना, पाळणाघर अशा सेवांसाठी राखलेला आहे, आणि शाळेच्या इतक्या जवळ या प्रकारचं दुकान त्यांच्या धोरणात बसत नाही. दोन्ही गोष्टी त्यांच्या कागदांत आधीपासून होत्या. माझ्या पत्राबद्दल अधिकाऱ्याने एकच ओळ लिहिली आहे: एक हरकत आली, नोंद घेतली. म्हणजे अप्पा, मी काहीच लिहिलं नसतं तरी नोराला हेच उत्तर मिळालं असतं. दुकान माझ्यामुळे अडलं नाही. माझ्यामुळे फक्त तिसरं कलम झालं.

ते आता सगळ्यांना माहीत आहे. मॉरीनने निकालाची लिंक कॉलनीच्या ग्रुपवर टाकली. कोणीतरी फाइल उघडून तेवढंच कलम कापून खाली चिकटवलं. इथे माणसाचं नाव घ्यायचं नसलं की 'युवर मॅन' म्हणतात. आमचा युवर मॅन फुलांच्या नावाखाली तिथे काय लावतोय कोणास ठाऊक, असं एकाने लिहिलं आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मीही त्या ग्रुपवर आहे. मी काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी कमिटीने फिंटनला गोड शब्दांत चिठ्ठी पाठवली की तुमच्या पाठीला त्रास नको, वाफ्यांचं काम आता कंत्राटदाराला देतो.

तो परांचीवरून पडला तेव्हापासून त्याला कुठलंच काम जमत नाही. औषधांनी दुखणं थांबेना म्हणून सहा झाडं लावली होती, स्वतःपुरती. शिक्षा स्थगित झाली, पण गावच्या पेपरात नाव छापून आलं, म्हणून घर विकून दोघं भावंडं इथे आली, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. हे सगळं नोराने मला सांगितलं होतं. तुम्हाला मी फक्त झाडं आणि खटला सांगितला. बाकीचं सांगितलं असतं तर तुम्ही लिहिलं असतंत का, हे मी स्वतःला विचारते, आणि मग लक्षात येतं की मला तर सगळंच माहीत होतं.

फिंटन आता बाहेर येत नाही. तांदळाचं पाणी मी सवयीने ठेवते आणि सकाळी ओतून देते. नोरा रेवाला रोज दुपारी गरम जेवू घालते. मी सहाला दारात उभी राहते, थँक्यू म्हणते आणि तिच्याकडे न बघता रेवाचा कोट शोधते. ती काहीच बोलत नाही. तिला ग्रुपवर घेतलेलं नाही, त्यामुळे माझं नाव तिला कळलं नसेल अशी मला आशा वाटते, आणि त्या आशेचीच लाज वाटते.

शिरीषला सांगितलं. तो म्हणाला, आधी विचारलं असतंस तर नको म्हटलं असतं. मी विचारलं नव्हतं, कारण तो नको म्हणेल हे मला ठाऊक होतं.

रागावून का होईना, लवकर लिहा.

तुमची,
पद्मजा


नागपूर
८ सप्टेंबर २०१८

चि. पद्मजास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आईला वाचून दाखवले. माझ्या आयुष्यातला तो एक चुकीचा निर्णय म्हणायचा की बरोबर, ते ठरत नाही. ऐकून ती उठून आत गेली. संध्याकाळी बाहेर येऊन एवढेच म्हणाली की ज्या बाईने मला हात धरून दवाखान्यात नेले, जिच्या ओट्याशी बसून तुम्ही रोज चहा प्यायलात, तिच्या घरातली गोष्ट तुम्ही सरकारी कागदावर लिहिली. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे. जेवायला वाढते, हे तिचे मोठेपण.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. १९९१ साली शिरपूरकडे आम्ही धाड घातली. तुरीच्या आत गांजा लावलेला होता. ऊन फार होते. एका घरी पाणी मागितले. त्या बाईने पाणी दिले, गूळ दिला, बसायला सतरंजी टाकली. मी तिच्या मुलांची चौकशी केली, तिने बोलता बोलता दिराचे नाव सांगितले. मी ते पंचनाम्यात घातले. कायद्याने ते बरोबरच होते, आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली. पुढच्या वर्षी माझी चंद्रपूरला बदली झाली. ती बाई पुढे त्या घरात कशी राहिली असेल, हा प्रश्न मला सत्तावीस वर्षांत पडला नाही. परवा पडला. मला दर तीन वर्षांनी बदली मिळत गेली, म्हणून ज्यांच्याविषयी लिहिले त्यांची तोंडे मला पुन्हा पाहावी लागली नाहीत. तुला तिथेच राहायचे आहे, हे मसुदा करताना माझ्या ध्यानातच आले नाही.

सोबत इंग्रजीत नोराबाईंच्या नावे पत्र ठेवले आहे. मसुदा माझा होता, ते कलम मी घातले, मुलीचा दोष नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. ते त्यांना दे. पण नुसते पत्र देऊन येऊ नकोस, स्वतः बोल. त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी बोल.

या म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
अप्पा


ओंगार
३० सप्टेंबर २०१८

तीर्थरूप अप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या शनिवारी गेले होते. सकाळची वेळ मुद्दाम निवडली, तेव्हा शिरीष रेवाला पोहायला घेऊन जातो.

नोरा प्रेसमधून डबे काढून फळ्या पुसत होती. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आईला आठवत असेल, तिने पहिल्या दिवशी तिथे इस्त्री शोधली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. हरकत मी दिली, फिंटनचं कलम मी राहू दिलं, मला त्याचा काही अधिकार नव्हता. ती हातातलं फडकं पिळत राहिली. मग म्हणाली की तिला माहीत आहे.

मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, जुलैपासून. स्वतःच्या अर्जावर कोणी काय लिहिलंय हे माणूस रोज उघडून बघतोच. माझं पत्र वेबसाइटवर आलं त्याच दिवशी तिने वाचलं होतं.

अप्पा, त्यानंतर दहा आठवडे तिने रेवाला सांभाळलं. तिला सायकल शिकवली. तिच्या गुडघ्याला लागलं तेव्हा मला ऑफिसात फोन करून घाबरू नको म्हणून सांगितलं. हे सगळं ते पत्र वाचल्यावर.

मी विचारलं की बोलली का नाहीस. ती म्हणाली की मुलीची सुट्टी चालू होती आणि मुलीने काही केलेलं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, तू रोज सहा वाजता दारात यायचीस, मला वाटायचं की आज सांगेल. आधी राग होता म्हणून वाट बघायचे, असं म्हणाली, नंतर नुसतीच सवय लागली.

मी रडले. ती रडली नाही. म्हणाली की आता शाळा सुरू झाली आहे, सोमवारपासून रेवाची दुसरीकडे सोय कर. मी हो म्हटलं. इट्स ग्रँड, असं ती म्हणाली. इथे काहीही झालं तरी ग्रँड म्हणतात, पाऊस पडला तरी आणि माणूस गेला तरी. त्या दिवशी त्या शब्दाने दार लागलं.

फिंटन बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर होता. आवाज बंद होता, म्हणजे त्याने सगळं ऐकलं असणार. मी जाताना त्याने मान हलवली नाही.

तुमचं पत्र पर्समध्ये होतं. दिलं नाही. ते दिलं असतं तर मी म्हटलेलं सगळं अर्धं झालं असतं. मसुदा तुमचा होता, अप्पा, पण तुम्ही नोराला दोन महिने ओळखत होतात आणि मी सहा वर्षं. खाली सही माझी आहे. तुमचं पत्र मी जपून ठेवलंय, रागाने नाही.

रेवाने दोनदा विचारलं की नोराकडे का नाही जायचं. तिला काय सांगू ते मला अजून सापडलेलं नाही.

आईला सांगा, मी तिला तोंड दाखवायला व्हिडिओवर येत नाही असं नाही, फक्त थोडा वेळ द्या. तुमचा हात डोक्यावर राहू द्या.

तुमची,
पद्मजा


नागपूर
१३ ऑक्टोबर २०१८

चि. पद्मजास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दिले नाहीस ते योग्य केलेस. आधी वाईट वाटले. मग विचार केला तेव्हा कळले की ते पत्र मी त्यांच्यासाठी लिहिले नव्हते, मला रात्री झोप यावी म्हणून लिहिले होते. आता झोप येत नाही, तेही ठीकच आहे.

आई बोलू लागली. काल म्हणाली, काहून तोंड पाडून बसता, पोरीला धीर देणारे एक पत्र तरी धड लिहा. मला धीराचे लिहिता येत नाही, अहवाल लिहिता येतो. म्हणून इतकेच लिहितो की तू गेलीस आणि बोललीस, हे मी तुझ्या वयात केले नसते.

रेवाला खरे सांग. तिला पेलेल तेवढे सांग, पण खरे सांग.

इकडची काळजी करू नकोस, स्वतःला जप, आणि दोन ओळी का होईना लिहीत राहा.

तुझा,
अप्पा


ओंगार
१० मार्च २०१९

तीर्थरूप अप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

मधली पत्रं नुसती खुशालीची होती, आज बरंच आहे.

रेवाला मी दिवाळीत सांगितलं की मी नोराचं एक गुपित दुसऱ्यांना सांगितलं. तिने इंग्रजीत विचारलं की सॉरी म्हटलंस का. म्हटलं, हो. तिने विचारलं, मग. ती शाळेनंतरच्या क्लबात जाते, रुळली आहे. रस्त्यात नोरा दिसली की धावत जाते आणि नोरा तिला जवळ घेते. मी थोडं मागे थांबते.

हरकत मागे घ्यावी म्हणून कौन्सिलला लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं की निर्णय झालेला आहे, फाइल आहे तशीच राहील. नोराने वरती अपील केलं नाही. जानेवारीत कॉलनीची बैठक झाली. तिथे उभी राहून मी सांगितलं की ते तिसरं कलम मला विश्वासाने सांगितलेलं होतं, ते लिहायचा मला हक्क नव्हता, आणि वाफे फिंटनकडे परत द्यावेत. इंग्रजी नीट आलं नाही. मॉरीनने चष्मा पुसला आणि पार्किंगचा विषय घेतला. वाफ्यांत आता कंत्राटदाराने लाकडाचा भुगा पसरलाय. मॉरीन ओळख देते, पण चहाला बोलावत नाही.

त्या बैठकीचं फिंटनपर्यंत कोणीतरी पोचवलं असावं. फेब्रुवारीच्या मध्यात एका रविवारी दुपारी बेल वाजली तर तो दारात, भिंतीला धरून उभा. आत ये म्हटलं तर नको म्हणाला. त्याच्या मोठ्या डॉक्टरांनी ठरवलंय की आरोग्यमंत्र्यांकडून खास परवाना मागायचा, म्हणजे त्याच झाडापासून केलेलं औषध त्याला कायद्याने घेता येईल. कागद डॉक्टरच पाठवणार, पण सोबत रोग्याने आपलं दुखणं आपल्या शब्दांत लिहून द्यायचं आहे. त्याने पंधराव्या वर्षी शाळा सोडली, लिहिण्याचं त्याला जमत नाही, आणि नोरा लिहायला बसली की रडते. तो म्हणाला की तुझं इंग्रजी चांगलं आहे. मग जरा थांबून म्हणाला, मी वाचलंय ते.

मी मान खाली घातली. त्याला टोमणा मारायचा होता की नाही, मला अजून कळलेलं नाही.

तीन शनिवार झाले, मी त्यांच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसते आहे. तो हळूहळू सांगतो. सकाळी मोजे घालायला किती वेळ लागतो. जिन्याच्या कितव्या पायरीवर थांबावं लागतं. आधीच्या गोळ्यांनी डोकं कसं बधिर व्हायचं आणि नोराच्या हाका लांबून आल्यासारख्या वाटायच्या. मी एक शब्द माझा घातला तर तो लगेच ओळखतो आणि काढायला लावतो. शेवटी तुमच्यासारखं मुद्देसूद करायला गेले तर म्हणाला, असं नको, यात मी कुठे आहे.

काल मला वाटलं, संपलं. मी वाचून दाखवलं. तो म्हणाला की कोर्टाचं राहिलं. मी म्हटलं की ते लिहिण्याची गरज नाही, कोणी विचारलेलं नाही. तो म्हणाला, नको, तेही लिही. ते एकदा तुझ्या शब्दांत कागदावर आलंय. आता मी सांगतो तसं लिही.

आणि त्याने सांगितलं. शेडमध्ये उजेड कसा पडायचा, पहिल्या रात्री सलग झोप लागली तेव्हा सकाळी उठून तो कसा घाबरला, गार्डा, म्हणजे इथले पोलीस, दाराशी आले तेव्हा नोराने त्यांना आधी आत बसवलं होतं. मी टाइप करत होते. नोरा मागच्या दाराने आत आली. तिने आम्हाला पाहिलं, शेगडीकडे गेली, किटली लावली. प्रेसमधून दोन कप काढले. एक त्याच्यासमोर ठेवला, दुसरा स्वतः घेऊन खिडकीशी उभी राहिली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, पण ती बाहेरही गेली नाही.

त्याने विचारलं, कुठपर्यंत आलो. मी शेवटची ओळ वाचून दाखवली आणि तो पुढे सांगू लागला.

परवाना मिळेल की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पुढच्या शनिवारी उरलेलं पान पुरं करायचं आहे. त्याच्याखाली सही तो करेल.

आईला माझा नमस्कार. तुम्ही दोघं तब्येतीला सांभाळा, आणि मला विसरू नका.

तुमची,
पद्मजा